आधी तपासणी, मग धोंडे

सासूबद्दल चांगलं लिहिणारा जावई एकतर खोटं बोलत असतो, नाहीतर त्याचा डोळा सासरच्या वावरावर असतो, असं माझं लग्नाआधीचं ठाम मत होतं. आता माझी सासू या जगात नाही, सासरच्या वावरात माझा एक गुंठाही नाही, आणि तरी मी लिहायला बसलोय. तेव्हा पुढचं सगळं खरं धरायला हरकत नाही.

सासूबाईंना आम्ही तिघे जावई मामी म्हणायचो. हट्ट्याच्या मामी. वसमत तालुक्यातलं हट्टा हे मोठं गाव, आणि मामींचा आवाज गावापेक्षा मोठा. हिंगोलीत आमच्या घरी त्यांचा फोन आला की बायको तो कानाला न लावता खिडकीत ठेवायची आणि पोळ्या लाटत लाटत बोलायची. हळदीचं रान, विहीर, दोन गडी आणि एक अबोल सासरे, हा सगळा कारभार त्या ओट्यावर बसून चालवायच्या. चष्म्याला दोरी होती. चष्मा नाकावर खाली आला आणि मामींनी वरून पाहिलं की समोरची बाई पदर सावरायची, कारण प्रश्न येणार हे ठरलेलं.

प्रश्न एकच. "तुजं तपासलं का गं?"

काय तपासलं, ते सांगायची गरज गावात कुणाला नव्हती. पिशवीच्या तोंडाचं. म्हणजे डॉक्टर ज्याला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर म्हणतात, तो व्हायच्या आधीच त्याची चाहूल लागते का, ते बघायची तपासणी. हा प्रश्न मामी हळदीकुंकवाला विचारायच्या, गिरणीत विचारायच्या, बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून विचारायच्या. एकदा लग्नात नवरीच्या आईला अक्षता पडता पडता विचारला होता. आसपासचे पुरुष एकदम आभाळाकडे बघायला लागायचे. हट्ट्याच्या पुरुषांइतकं पावसापाण्याचं निरीक्षण मराठवाड्यात कुणी केलं नसेल.

हे वेड त्यांना लागलं ते माझ्या लग्नाच्या आधी. शेजारणीला सोबत म्हणून हिंगोलीच्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टर मॅडमनी शेजारणीचं झाल्यावर यांनाही टेबलावर घेतलं. सगळं ठीक निघालं. मॅडम म्हणाल्या, "आता तीन वर्षांनी या."

"तीन वर्सांनी म्हंजे कवा?"

"म्हणजे आजपासून तीन वर्षांनी."

"आवो बाई, दरसाल काही असलं तं सण येतो. सण आला की याद येती. तीन वर्सांनी काय येतं?"

मामी विचार करत एसटीत बसल्या. औंढा मागे पडल्यावर त्या सीटवरून ताडकन उठल्या आणि ओरडल्या, "धोंडा!" ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. रस्ता मोकळा होता. रस्त्यात कसलाच दगड नव्हता. मामींना अधिक महिना आठवला होता.

धोंड्याचा महिना जवळपास दर तीन वर्षांनी येतो. त्या महिन्यात लेकीला आणि जावयाला बोलवायचं, कणकेच्या गोळ्यात पुरण भरून धोंडे करायचे, वर तुपाची धार सोडायची आणि जावयाला नारायण समजून ओवाळायचं, ही आपली रीत. मामींनी त्या रीतीला एक कलम जोडलं. धोंड्याला माहेरी आलेली लेक तिशी ओलांडलेली असेल तर आधी हिंगोलीला जाऊन तपासून येणार. मग जावयाला धोंडे.

यावर गावातल्या गुरुजींनी हरकत घेतली. म्हणाले, "मामी, अधिक महिन्यात असलं नवं काम काढत नसतात. शुभकार्य वर्ज्य आहे."

"म्हनूनच तं!" मामी म्हणाल्या. "लग्न न्हाई, मुंज न्हाई, वास्तू न्हाई. साऱ्या बाया रिकाम्या, जीपा रिकाम्या, आन् तुमी बी रिकामे. तुमच्या घरातल्यांचं तपासलं का?"

गुरुजींनी छत्री उचलली. भर उन्हाळ्याचे दिवस होते, छत्री उन्हासाठी आणली होती, पण ते ती न उघडताच गेले. पुढच्या जीपमध्ये गुरुजींच्या घरातल्या पहिल्या सीटवर बसल्या होत्या.

मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा धोंड्याला गेलो तो अधिक ज्येष्ठ. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. चहाच्या पहिल्या घोटाला मामींचा चष्मा खाली आला.

"जावईबापू, तुमच्या मायचं तपासलं का?"

सविता, म्हणजे माझी बायको, मला आधी बोलली असती तर मी तयारीत राहिलो असतो. पण सविता मामींची लेक, तिला मजा बघायची होती. प्रश्न मला बरोबर कळला होता. पण अख्ख्या ओट्यावर सासरे, दोन साडू आणि दूध घालायला आलेला माणूस बसलेले. मी घसा खाकरून म्हणालो, "हो, मोतीबिंदूचं झालं. दोन्ही डोळे."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मग सविताला म्हणाल्या, "मास्तर हुशार हाये. पन बराबर जागी हुशार न्हाई." आणि माझ्यासमोर आमच्या आईला फोन लावला. आईला हिंगोलीत तो फोनशिवायही ऐकू गेला असावा.

मी शाळेत भूगोल शिकवतो. हे मामींनी लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी जीप निघाली तेव्हा माझ्या दोन मेव्हण्या, गुरुजींच्या घरातल्या आणि आणखी दोघी, अशा बायका मामींनी माझ्या ताब्यात दिल्या. सविताची तिशी अजून लांब होती, तिला घरी पुरणाला बसवलं. "तुमी भूगोलवाले. रस्त्यानं तकलीफ न्हाई तुमाला. धा वाजता दवाखान्यात पायजेत साऱ्या."

रस्त्याची खरोखरच तकलीफ नव्हती. रस्त्यात औंढा नागनाथ होतं, ही तकलीफ होती. अधिक महिना, त्यात सोमवार. मी मोठ्या उदारपणे मागे वळून म्हणालो, "पाच मिनिटांत दर्शन घेऊन निघू या का?" पाचही बायका एका आवाजात "व्हय!" म्हणाल्या. तेव्हा मला त्यांची भक्ती दिसली. भीती दिसली नाही. त्यांना दवाखान्याचं भ्या होतं आणि मी त्यांना बीळ दाखवलं होतं.

रांग देवळाला वळसा घालून बाहेर आली होती. दर्शन झालं, मग पेढे झाले, मग बांगड्या, मग एकीला नागनाथाच्या कोरीव भिंतीशी फोटो हवा होता, मग तोच फोटो पाचही जणींना हवा झाला. हिंगोलीत पोचलो तर डॉक्टर मॅडम ऑपरेशनला गेलेल्या. नर्स म्हणाली, उद्या या.

संध्याकाळी हट्ट्यात शिरलो तेव्हा पुरणाचा वास वेशीपर्यंत आला होता. मामी ओट्यावर. "झालं?"

पाच बायकांना जीपच्या टायरमध्ये एकाएकी फार रस वाटू लागला.

"देवाचं झालं," मी म्हणालो.

"देवानं तपासलं का?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. मामींनी तो घेतला, कपाळाला लावला, आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आम्हा तिघा जावयांना बोलावणं आलं. पाट मांडलेले, रांगोळ्या काढलेल्या, समया पेटलेल्या. मामींनी रीतीप्रमाणे तिघांना ओवाळलं. मग ताटं आली. ताटात पिठलं, भाकरी आणि ठेचा. कोपऱ्यात मोठ्या परातीखाली धोंडे झाकलेले, आणि त्या परातीवर खलबत्ता ठेवलेला, म्हणजे कुणाला मोह नको.

माझे थोरले साडू गुत्तेदार. सरकारी रस्ते बांधतात. आडवा माणूस. जन्मात कुणी त्यांना जेवणावरून अडवलं नव्हतं. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यात पाणी होतं, आणि ठेच्याला तर त्यांनी अजून हातही लावला नव्हता. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "पुढच्या बारीला नकाशा मी आनतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी स्वतः जीपच्या पुढच्या सीटवर होत्या. मी आणि गुत्तेदार मागे, स्टेपनीवर. औंढ्याचा फाटा आला तेव्हा मामींनी नागनाथाला जीपमधूनच हात जोडले आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "पळव." दहाच्या आत आम्ही दवाखान्यात. एकेक बाई आत जाताना चेहरा असा की जणू फासावर निघाली, आणि बाहेर येताना हसू आवरेना. थोरल्या मेव्हणीनं बाकावर घाम पुसत बसलेल्या गुत्तेदारांना सांगितलं, "एवढंच होतं! तुमी तं नख काढताना याच्यापेक्षा जास्ती बोंबलता." त्या दिवशी रात्रीच्या जेवणात धोंडे होते. गुत्तेदारांनी किती खाल्ले ते सांगत नाही, त्यांचे अजून माझ्याशी संबंध आहेत.

त्याच्या पुढचा अधिक महिना महामारीत आला. दवाखान्यात दुसऱ्या कशालाच जागा नव्हती. मामींनी त्या रोगाला स्वतःचा वैयक्तिक शत्रू ठरवलं. "मेल्याला हाच महिना गावला?" असं त्या रोज टीव्हीला म्हणायच्या. पुढे दवाखाना सुरळीत झाल्यावर त्यांनी बायकांच्या दोन जीपा भरून नेल्या आणि आम्हा जावयांना धोंड्याऐवजी फोनवरून आशीर्वाद दिला. ते कर्ज आपल्यावर राहिलं, असं त्या म्हणायच्या.

म्हणून मग अधिक श्रावण आला तेव्हा मी उपाशी पोटी, उदात्त मनानं, भर दुपारी हट्ट्याला पोचलो. सविता आदल्या दिवशीच आली होती. इथं मला घराची रचना सांगितली पाहिजे, आणि भूगोलाच्या मास्तरनं ती सांगावी याचं तुम्हाला पुढे हसू येईल. मामींच्या घराला लागून त्यांच्या जावेचं घर. गोदाकाकू. दोन्ही अंगणांच्या मधे एकच भिंत, छातीइतक्या उंचीची. दोघींचा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद झालेला, आणि तेव्हापासून बोलणं बंद. दोघींचे नवरे एकमेकांशी बोलत, गडी बोलत, कुत्री तर एकाच ताटलीत खात. या दोघी नाही. एकीनं दार निळं रंगवलं की दुसरीचं आठ दिवसांत निळं. घर ओळखायची माझी खूण होती गच्चीवरची पिवळी पाण्याची टाकी. ती पाहिली आणि मी खाली मान घालून दारात शिरलो.

गोदाकाकूंनी महिन्यापूर्वीच पिवळी टाकी बसवली होती.

उंबऱ्यात पाऊल पडताच मला चूक कळली. पण काकू समोरच बसल्या होत्या आणि मला बघून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी आजवर शाळेत निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिलेलं नाही. "या, जावईबापू! या!" म्हणेपर्यंत पायावर पाणी आलं, पाट आला, निरांजन आलं. काकूंना लेक नाही. एक मुलगा, तो पुण्याला. मी परत फिरायला तोंड उघडलं तर तोंडात धोंडा.

"तुमी धोंडे केलेत, काकू?"

"दर बारीला करते. लेक न्हाई म्हनून काय पुरन शिजत न्हाई का? देवाला दाखवते, गाईला घालते. आज पैल्यांदा मानूस आलं."

आता यावर कोणता माणूस म्हणेल की मी दार चुकलो? मी खाल्ले. काकू वाढत गेल्या, मी खात गेलो. गाईच्या वाट्याचेही खाल्ले. उठवेना तेव्हा भिंतीला धरून उठलो, आणि भिंतीच्या पलीकडे मामी उभ्या. चष्मा खाली.

मी गपगुमान बाहेरून वळसा घालून मामींच्या घरात आलो, तेव्हा तिथं पाट मांडलेला. तपासणी सकाळीच उरकून मेव्हण्या परत आल्या होत्या, सवितासुद्धा, आता तीही तिशीपार होती. म्हणजे परात उघडी. मी पाटावर बसलो. दुसऱ्या पंगतीचा पहिला धोंडा ताटात पडला तेव्हा मला घाम फुटला. गुत्तेदार कधी नव्हे ते इतक्या प्रेमानं म्हणाले, "वाढा, वाढा, मास्तरला वाढा."

"काय म्हनली ती?" मामींनी विचारलं.

मी सांगितलं. दर धोंड्याला करते. देवाला दाखवते, गाईला घालते.

मामींच्या हातात तुपाची वाटी होती. धार माझ्या ताटात पडायची ती पाटावर पडत राहिली. "ती माज्याऊन सात-आठ वर्सांनी ल्हान," त्या म्हणाल्या. "म्हंजे तिला बी लागती तपासनी. म्या साऱ्या गावाला इचारलं. गुरुजीच्या बायकोला इचारलं, तुमच्या मायला इचारलं. लेक-जावई येतील तवा जीप निघंल असं ठरवलं. आन् जिला लेकच न्हाई, तिनं कवा जावं?"

सासरे, जे वर्षातून दोनदा बोलायचे, ते म्हणाले, "मग इचार की."

"म्या काहून इचारू? जावईबापू तिथं जेवले. आता ते तिचे बी जावई. उठा."

उठणं हे शारीरिकदृष्ट्या अवघड होतं, पण मी उठलो. पुन्हा गोदाकाकूंकडे. आणि तिथं बसून, विद्यार्थ्यांना खंडांची नावं सांगणारा हा माणूस, सासूच्या वयाच्या बाईला पिशवीच्या तोंडाबद्दल सांगू लागला. मी हवामानापासून सुरुवात केली. हळदीवर आलो. मग एकूण स्त्रियांचं आरोग्य आणि देशाची प्रगती यावर आलो. काकू ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तपासनीचं म्हनून राहिले का?"

"हो."

"मला काही तकलीफ न्हाई."

"तकलीफ नसतानाच करायची असते, काकू."

"माजं सारं बंद होऊन धा वर्सं झाली. बंद दुकानाचं शटर काहून वाजवून राहिले तुमी?"

"बंद दुकानातच उंदरं व्हतात!" भिंतीपलीकडून आवाज आला. मामी ऐकत होत्या. ऐकतच असणार.

काकू उठल्या आणि भिंतीशी गेल्या. दोघी समोरासमोर, मधे हातभर विटा, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळ. पण बोलायचं थेट नाही. मला मधे उभं केलं.

"जावईबापू, त्यांला म्हनाव, धुऱ्याचं काय ते मागून पाहू. हे आधी."

"काकू, मामी म्हणतात…"

"ऐकू आलं मला. बहिरी न्हाई मी. त्यांला म्हनाव, साऱ्या गावाला नेलं तवा मी दिसले न्हाई का?"

मामी चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. काच आधीच स्वच्छ होती. मग, मला ओलांडून, भिंतीवरून सरळ म्हणाल्या, "चुकलंच माजं, गोदे. चल आता."

गोदाकाकू जरा वेळ भिंतीवरचं शेवाळ नखानं काढत राहिल्या. "खिडकीशी मी बसन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीशीच बसल्या. दवाखान्यात मामींनी आपला चष्मा डॉक्टर मॅडमवर रोखला आणि दोघींची तपासणी करा म्हणून फर्मान सोडलं. मॅडमनी मामींचं वय विचारलं. पासष्ट भरली होती. मागच्या सगळ्या तपासण्या चांगल्या. मॅडम हसून म्हणाल्या, "मामी, तुमची सुटी झाली. आता तुम्हाला गरज नाही."

"मला काहून न्हाई?" मामी इतक्या दुखावल्या की ओपीडीतल्या बाया वळून बघायला लागल्या. निवृत्तीच्या दिवशी आमच्या मुख्याध्यापकांचा चेहरा असाच होता.

त्यात मॅडमनी दुसरी बातमी दिली. आता नवी तपासणी आली आहे, जो विषाणू हा आजार करतो तो आहे की नाही तेच बघणारी. ती चांगली निघाली तर पाच वर्षं बघायला नको. जुनी केली तर तीन.

"पाच?" मामी म्हणाल्या. "पाच वर्सांनी तं निस्ती निवडणूक येती! आन् ती बी टायमावर येत न्हाई. तिच्या भरवशावर बायांनी राहायचं का?"

मॅडम टेबलाला धरून हसत होत्या. मग दोघींनी डोकी एकत्र केली, बोटांवर महिने मोजले, आणि तोडगा काढला. जुनी तपासणी केली तर प्रत्येक धोंडा. नवी केली तर एक धोंडा सोडून दुसरा. थोडे महिने इकडेतिकडे चालतील, असं मॅडम म्हणाल्या. फक्त पुन्हा एक सोडायचा नाही. मामींनी ते तीनदा म्हणून घेतलं आणि मला म्हणायला लावलं. मग थांबून त्यांनी विचारलं, "आन् काही सापडलं तं?"

"तर मग धोंड्याची वाट बघायची नाही. मी सांगेन तेव्हा यायचं."

गोदाकाकूंची नवी तपासणी झाली. येताना मामींनी भिंतीवरून काहीबाही विचारायला सुरुवात केली होती, म्हणजे जीपमध्ये भिंत नव्हती, तरी त्या ड्रायव्हरकडे बघून विचारत होत्या.

काही दिवसांनी दवाखान्यातून आमच्याकडे फोन आला. काकूंचा निकाल साफ नव्हता. पुन्हा यायचं होतं, दुर्बिणीतून बघायला. सवितानं हट्ट्याला फोन केला आणि पहिल्यांदाच असं झालं की पलीकडून मामींचा आवाज आम्हाला नीट ऐकू येईना.

मामींचं त्यानंतरचं वागणं मला कधी विसरता येणार नाही. त्या भांडल्या. दिवसभर. गड्याशी भांडल्या, गिरणीवाल्याशी भांडल्या, नागनाथाच्या फोटोशी भांडल्या. "मागल्या धोंड्याला नेली असती तं?" एवढंच एक वाक्य त्या मधेमधे म्हणायच्या आणि मग नवीन माणूस शोधायच्या. माझ्याशी त्या टाकीवरून भांडल्या. "दार चुकायला पाच वर्सं काहून लावली? आधीच चुकायचं व्हतं!" मी चुका करण्यात हयात घालवली, पण वेळेवर चुकलो नाही म्हणून बोलणी खाल्ली ती तेवढीच.

दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा तपासायला गेला. मॅडमनी काकूंना समोर बसवून सांगितलं की हा कॅन्सर नाही, कॅन्सरकडे जायच्या वाटेवरच्या पेशी आहेत, तेवढा भाग काढून टाकला की झालं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे दुकानात उंदीर निघाला." मामी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आतून काकूंचं हसू ऐकू आलं तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची खूण आठवडाभर होती.

छोटं ऑपरेशन झालं. काकू घरी आल्या. वर्षानं पुन्हा बोलावलं होतं. वर्षानं येणारा सण कोणता धरायचा, यावर दोघींचं भिंतीवरून थेट, तोंडाला तोंड देत, कडाक्याचं भांडण झालं. अख्खी गल्ली ऐकायला बाहेर आली. सासरे म्हणाले, "बरं झालं." वर्षातलं त्यांचं दुसरं वाक्य ते.

त्या वर्षानंतरच्या तपासणीला मी दोघींना दवाखान्यात आणलं. निकाल घ्यायला पुन्हा एकदा आणलं. काकू आत गेल्या. मामी बाहेर उभ्या. त्यांना बसवेना. कोपऱ्यात पाण्याचा नळ गळत होता, त्यावर त्यांची नजर गेली.

काकू बाहेर आल्या. मॅडम त्यांच्या मागे, दारात, हसत. "साफ आहे, मामी. एकदम साफ."

मामी वळल्या आणि नळाकडे गेल्या. "हा नळ कोन बंद करनार?" असं म्हणून त्या तोटी पिरगाळायला लागल्या. तोटी बंद झाली, तरी पिरगाळत होत्या. पाठ आमच्याकडे होती. पाठ हलत होती. नर्स धावत गेली, "आजी, तुटेल तो!" मामींनी तिच्याकडे वळून ओल्या चेहऱ्यानं, चष्म्यावरून पाहिलं. ती पोरगी पंचविशीची असेल.

"तू तिशीची झाली की सांग मला."

गोदाकाकूंनी त्यांना दंडाला धरून ओढलं. "चला ना आता, भूक लागली मला." आणि दोघी निघाल्या. मी त्यांच्या पिशव्या, छत्र्या आणि औषधं गोळा करतो तोवर त्या रस्त्यावर पोचल्या होत्या. हिंगोलीचा रस्ता, हळदीच्या गाड्या, दुपारची गर्दी. मी ओरडलो, "मामी, आपली जीप इकडे!" त्यांनी ऐकलं नाही. त्या समोर थांबलेल्या भलत्याच जीपमध्ये चढत होत्या, आधी काकू खिडकीशी, मग मामी, आत बसलेल्या अनोळखी बायांना कोपरानं सारत. जीप निघाली. मी पिशव्या घेऊन मागे पळालो, पण ती औंढ्याच्या बाजूला वळली. वळताना मला मामींचा चेहरा दिसला, तो माझ्याकडे नव्हता. शेजारच्या एका बाईकडे होता, चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर. बोलणं काही ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण अख्ख्या रस्त्याला ऐकू आलं.